गार इंजिन

माझ्या धाकट्या मुलीला घरात सगळे ठकी म्हणतात. दात बनवणं हा तिचा व्यवसाय. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचा साचा पाठवतात, त्यावरून ही सिरॅमिकचा दात घडवते, शेजारच्या दातांशी त्याचा रंग जुळवते आणि भट्टीत भाजते. काम दुसऱ्याच्या लॅबमध्ये, पगार बेताचा. अशा मुलीने शहाण्यासारखी एखादी छोटी, पेट्रोल पुरवून पिणारी गाडी घ्यावी की नाही? ठकीने घेतली तीन मालकांच्या हातून आलेली, आठ सिलिंडरची, वेगासाठी बांधलेली आलिशान गाडी. का, तर नव्या छोट्या गाडीच्याच भावात मिळाली म्हणून.

यातली मेख मला हळूहळू कळत गेली. गाडी जुनी झाली की तिची किंमत उतरते, तिच्या सुट्या भागांची मात्र उतरत नाही. घेताना ती जुनी असते आणि गॅरेजात गेली की नवी होते.

पहिल्याच थंडीत एका सकाळी बघते तर गाडीचं पुढचं उजवं अंग जमिनीला टेकलेलं. मला वाटलं, टायर बसला. पण त्या गाडीला साध्या स्प्रिंगा नाहीतच, ती हवेच्या फुग्यांवर उभी असते. त्यातला एक फुगा रात्रभर झिरपत होता. एक बदलून चालेना, दुसऱ्या बाजूचाही बदला, असं गॅरेजवाले म्हणाले. मग इंजिनाखाली कुठेतरी दडलेली प्लॅस्टिकची नळी तडकली आणि कूलंट ठिबकायला लागलं. नळी करंगळीएवढी, पण तिच्यापर्यंत हात पोचायला अर्धी गाडी सोडवावी लागली. मागचे टायर पुढच्यांपेक्षा रुंद, त्यामुळे ते आपसात फिरवताही येत नाहीत, झिजले की नवेच. ब्रेकच्या डिस्का परातीएवढ्या. पेट्रोल महागातलंच लागतं, आणि वर मध्येमध्ये ऑइलही पिते. घरात पगार झाला की ठकीचे बाबा विचारायचे, ‘‘या महिन्यात बाईसाहेबांचं काय दुखतंय?’’

मी विकून टाक, विकून टाक म्हणून तिच्या मागे लागले होते. पैशाची काळजी होतीच, पण खरी धास्ती वेगाची. ठकी घरी येईपर्यंत माझं लक्ष रस्त्याकडे. शेवटी एका रविवारी तिने मला हाताला धरून गाडीत बसवलं. गावाबाहेरच्या मोकळ्या रस्त्यावर तिने पाय जरासा दाबला, आणि कोणीतरी माझ्या पाठीला तळहात लावून मला उचलून पुढे ठेवावं तसं झालं. आवाज मोठा नव्हता, खोल होता. कानांनी नाही, बरगड्यांनी ऐकू येत होता. मी घाबरायचं विसरले. एवढी ताकद एवढ्या मऊपणे हलू शकते, हे मला या वयात पहिल्यांदा कळलं. घरी आल्यावर विकण्याचा धोशा मी परत सुरू केला, पण आवाज जरा खाली आला होता.

मग विकायची वेळ तिच्यावरच आली. तिच्या ओळखीचे एक म्हातारे कारागीर धंदा बंद करत होते. त्यांची भट्टी, कामाची टेबलं आणि ती खोली, सगळं ते ठकीला द्यायला तयार होते, पण महिनाअखेरपर्यंतच. तिच्या मागे दुसरा माणूस रांगेत उभा होता. स्वतःची लॅब हे तिचं शिकत असल्यापासूनचं स्वप्न. तिच्याकडे विकण्यासारखी एकच वस्तू होती.

गिऱ्हाईक लवकर मिळालं. औषधांच्या दुकानाचे मालक, पन्नाशीचे, आयुष्यभर अशी गाडी लांबून बघत आलेले. बायकोला घेऊन आले. बाईंनी दाराच्या आतल्या चामड्यावरून हात फिरवला आणि नवऱ्याकडे बघून हसल्या. मी मनात म्हटलं, झालं काम.

ठकीने बॉनेटवर हात ठेवला. ते कोमट लागलं. मग मागे वळून विचारलं, ‘‘बाबा, तुम्ही सुरू केली होती?’’

‘‘मघाशी, थोडा वेळ,’’ तिचे बाबा म्हणाले. ‘‘म्हटलं, पाहुणे यायच्या आत तिचं अंग जरा मोकळं होईल. सकाळी ती घसा खाकरते ना, बरं दिसत नाही चारचौघांत.’’

त्यांच्या मनात पाप नव्हतं. पण नेमकं तेच खाकरणं ठकीला ऐकवायचं होतं. त्या इंजिनात एक लांब साखळी असते. ती जुनी होऊन सैल पडली की रात्रभर गार राहिलेलं इंजिन सुरू होताना, ऑइल वर चढेपर्यंत, क्षणभर खडखडते. मग दिवसभर गप्प. गरम इंजिनात तो आवाज कोणालाही ऐकू येत नाही. आणि साखळी आहे इंजिनाच्या पाठीला. ती बदलायची तर अख्खं इंजिन बाहेर काढावं लागतं. खर्च जवळजवळ गाडीच्या किमतीएवढा.

ठकीने त्यांना सांगितलं, आज गाडी दाखवण्यात अर्थ नाही, उद्या सकाळी या, मी हातही लावणार नाही. ते गोंधळले. टोकन ठेवून जातो म्हणाले. ही नको म्हणाली. मी आतल्या आत कपाळाला हात लावला.

दुसऱ्या दिवशी ते एकटेच आले, सपाता घालून. ठकीने किल्ली त्यांच्याच हातात दिली. इंजिन सुरू झालं, डब्यात खिळे हलवल्यासारखं खडखडलं, आणि लगेच तोच खोल, गोड आवाज.

‘‘परत एकदा ऐकवता?’’

‘‘आता उद्याच.’’

ते हसले. मग तिने साखळीचं सगळं सांगितलं, फुगे कोणते नवे, कोणते जुने तेही सांगितलं. त्यांनी इंजिन बंद केलं, किल्ली परत दिली. उतरून म्हणाले, ‘‘ताई, काल तुम्ही गप्प बसला असता तर मी गाडी घेऊन गेलो असतो.’’

‘‘म्हणून तर,’’ ठकी म्हणाली.

ते परत आले नाहीत. माझा भाऊ संध्याकाळी आला होता. सगळं ऐकून म्हणाला, ‘‘नाव ठकी, आणि ठकवायला एक माणूस सापडला होता तोही सोडला.’’ सगळे हसले, ठकीसुद्धा. मला हसू आलं नाही. मी तिच्याकडे बघतच राहिले. हे तिला कोणी शिकवलं? मी तर नाही. मी टोकन घेऊन घाईघाईने चहाचे कप बाहेर आणले असते.

महिना संपत आला. तिच्या मेकॅनिकने मग एक गोष्ट सांगितली. अशी गाडी अखंड विकली तर जेवढे येतात, त्याहून जास्त ती सुटी करून विकली तर येतात. गिअरबॉक्स, सीट, दिवे, नवे फुगे, सगळ्यांसाठी लोक टपलेले असतात. ठकी त्या दुपारी गाडीत जाऊन बसली, काचा वर करून. मी खिडकीतून बघत होते. बाहेर आली आणि म्हणाली, ‘‘सोडवूया.’’

लोक येत गेले. प्रत्येकाला ती भागाचं खरं काय ते सांगायची. डाव्या दिव्यात ओल धरते, या सीटची मोटर अडखळते. घासाघीस व्हायची, पण कोणी रिकाम्या हाताने गेलं नाही.

इंजिन काढायच्या दिवशी मीही गॅरेजात गेले. कप्पीच्या साखळ्यांवर तोलून ते हळूहळू वर आलं. मी आजवर त्याचं झाकण तेवढं पाहिलं होतं. आत हे होतं! एकमेकांत गुंतलेल्या नळ्या, दोन्ही बाजूंना पसरलेल्या पंखांसारख्या सिलिंडरच्या रांगा, कुठे बोट शिरायला जागा नाही, आणि तरी प्रत्येक वस्तू आपापल्या जागी. माणसाने हे घडवलं? देवळात गेल्यावर होतो तसा माझा आवाज आपोआप खाली आला. ते घ्यायला आलेल्या माणसाला ठकी सांगत होती, साखळी आताच बदलून घ्या, इंजिन बाहेर आहे तोवर फारसा खर्च नाही, एकदा बसवलंत की पस्तावाल. तो मान डोलावत होता.

इंजिन हवेत किंचित हेलकावत होतं. तिने पुढे होऊन तळहाताने ते थांबवलं.

‘‘वाईट वाटतंय का गं?’’ मी विचारलं.

‘‘वाटणारच,’’ ती म्हणाली. मग हात पुसले. ‘‘चल आई, लॅबमधली भट्टी खिडकीखाली बसते का ते मोजायचंय. टेप तू धर.’’