नीलव्वाक्काचं निदान

नीलव्वाक्का नव्या बाईला नाव आधी विचारत नसे. आधी तिचा हात मागायची. सुतानं बारीक चिरा पडलेल्या आपल्या रुंद तळव्यावर तो हात ठेवून म्हणायची, "कापतोय. कापू दे. पैल्या दिशी जिचा हात कापत न्हाय, त्या बाईचंच मला भ्या वाटतं."

माझा हात तिनं असाच धरला तेव्हा मी एकवीस वर्षांची होते. नवरा तापानं जाऊन सहा महिने झाले होते. दिरानं सोलापुरातल्या एका गिरणीत, सूत गुंडाळायच्या खात्यात मला चिकटवलं होतं. पहिलं महायुद्ध संपून तेव्हा आठ-नऊ वर्षं झाली असतील.

खात्यात सगळ्या बायकाच होत्या आणि त्यांच्या कामावर देखरेख करणारी नायकीण म्हणजे नीलव्वाक्का. माहेर-सासर दोन्ही सोलापूरजवळच्या वळसंगकडचं. घरात कानडी, गिरणीत मराठी, आणि संतापली की दोन्ही एकदम. कपाळाला विभूती, तोंडात तंबाखू, आवाज असा की यंत्रांच्या धडधडीतही शेवटच्या रांगेला ऐकू जावा. आमच्यासारख्या पोरींना ती 'तंगी' म्हणे, म्हणजे कानडीत धाकटी बहीण. पण ती प्रेमळ होती असं कुणी समजू नये. धागा तुटला तर ती आईबापांचा उद्धार करायची, आणि कुणी रडत आली तर पदराऐवजी सुताची कांडी हातात द्यायची.

याबद्दल तिचं एक ठाम मत होतं. मला पहिल्यांदा ते ऐकवलं ते मी यंत्रापुढे गोठून उभी राहिले तेव्हा. "तुला वाटतं, भ्या वाटलं म्हनून हात कापतो," ती म्हणाली. "उलटं हाय. हात कापतोय ह्ये जीव बघतो, आन् मग त्यो भितो. जिवाला हात बघूच दिऊ नगंस. हाताला काम लाव. अंजब्याड." भिऊ नकोस, असा त्या शेवटच्या शब्दाचा अर्थ. तो शब्द मात्र ती खालच्या आवाजात बोलायची.

माझ्या दुसऱ्या उन्हाळ्यात आमच्या खात्यातली अंबू गेली. छताजवळच्या दांड्यावरून यंत्रापर्यंत चामड्याचे पट्टे फिरत. त्यांना आडोसा नव्हता. अंबू वाकली, पदर पट्ट्यात गेला, आणि आम्ही ओरडेपर्यंत सगळं संपलं होतं. दुपारी फरशी धुतली गेली. फरशी वाळायच्या आत ते यंत्र पुन्हा सुरू झालं आणि त्याच्यापुढे मला उभं केलं गेलं.

अंबूचं नाव त्यानंतर कुणी काढेना. अशी अकाली गेलेली बाई नावाला ओ देते, असं म्हणायचे. खिडक्या बंद, कारण वारा आला की धागा तुटतो. वर सोलापूरचा वैशाख. चौथ्या की पाचव्या दिवशी माझी बोटं आखडली, दातखीळ बसली आणि मी किंचाळून खाली पडले. दुसऱ्या दिवशी शेजारची पडली. आठवडाभरात आम्ही नऊजणी झालो. एक पडली की तिच्या किंकाळीनं दुसरी पडायची. शुद्धीवर आले की मला काही आठवत नसे. फक्त छातीवर कुणीतरी गुडघा रोवून बसलंय असं वाटे.

अंबू अंगात येतेय, असा बोभाटा झाला. खात्याचे साहेब शिकलेले होते, भुताखेतांवर त्यांचा विश्वास नव्हता. पण काम बंद पडत होतं. कुणीतरी देवऋषी सुचवला, साहेबांनी होकार दिला. भिजवलेला दोर आणि कडुलिंबाची डहाळी घेऊन तो खात्यात आला. सगळ्यांत आधी मी पडले होते, म्हणून आधी मला पुढे बसवलं.

त्यानं दोर उचलला आणि नीलव्वाक्का मध्ये येऊन उभी राहिली.

"बाजूला हो, बाई," देवऋषी म्हणाला. "हिच्या अंगात आलेलं बाहीर काढायचं हाय."

"हिच्या अंगात कुनी आलेलं न्हाय," अक्का म्हणाली. "हिच्या अंगातनं काय जायना झालंय, त्ये बगा."

साहेब दारातून पुढे आले. "नीलव्वा, खेळ पुरे झाला. ज्यांना झटके येतात त्यांना मी उद्यापासून काढतो. मग तुझं काय ते बघ."

"काडा की सायेब. नवी पोरं आना, त्याच यंत्रापुडं उबी करा. ती बी पडत्यात का न्हाय बगा." तिनं पट्ट्याकडे बोट केलं. "ह्येला जाळी लावा. वरच्या दोन खिडक्या उगडा. आन् आमाला अंबूसाटी घडीभर रडू द्या. मेल्या दिसापास्नं कुनी रडलेलं न्हाय हितं."

"रडायला सुट्टी?" साहेब हसले.

 अक्का दोन यंत्रांच्या मधल्या फरशीवर मांडी घालून बसली. बरोबर त्या जागी, जिथं पाय ठेवायचं आम्ही टाळत होतो. "या," ती बायकांना म्हणाली. "तिचं नाव घ्या. वरडून घ्या."

 मग मागच्या रांगेतली एक म्हातारी येऊन तिच्याशेजारी बसली आणि म्हणाली, "अंबू लई खोडीची होती. माजी तंबाखूची चंची लपवायची." कुणीतरी खुदकन हसलं आणि त्या हसण्यातच हुंदका फुटला. एकेक करून सगळ्या खाली बसलो. यंत्रं रिकामी फिरत होती, मग कुणीतरी तीही थांबवली. अंबू भाकरी कशी जाड थापायची, नवऱ्याची नक्कल कशी करायची, तिच्या मुलीचं नाव काय, सगळं निघालं. माझी पाळी आली तेव्हा मी अंबूबद्दल सांगायला तोंड उघडलं आणि नवऱ्याबद्दल बोलू लागले. त्याचं आजारपण, त्याची शेवटची रात्र. दीड-दोन वर्षं जे कुणालाच सांगितलं नव्हतं ते. मला कुणी थांबवलं नाही. देवऋषी कधी निघून गेला ते कळलंही नाही.

चमत्कार झाला नाही. मला त्यानंतरही दोनदा झटका आला, आणि एकीला तर बरेच महिने येत राहिला. पण एकीची किंकाळी ऐकून दुसरी पडणं थांबलं. बंद खातं साहेबांना परवडणारं नव्हतं; पंधरवड्यात पट्ट्यांना जाळ्या लागल्या. आम्हा नऊजणींपैकी कुणालाही काढलं नाही. काढलं ते नीलव्वाक्काला. ती डबा उचलून फाटकापर्यंत गेली, वळली, आणि आम्हाला ऐकू जाईल अशा आवाजात पहारेकऱ्याला म्हणाली, "जाळ्या मोज रे रोज. एक जरी कमी झाली तर मी परत येते."

जाताना तिनं माझ्यासाठी एक काम करून ठेवलं होतं. शहरातल्या एका दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंकडे ती मला घेऊन गेली. "हिला तपासा, आन् जमलं तर कामाला बी ठेवा," असं तिनं सांगितलं. विनंती केली असं म्हणवत नाही. मी तिथं आधी फरशा पुसल्या, मग पट्ट्या बांधल्या, आणि पुढे रीतसर परिचारिका झाले. तिथंच मला कळलं की माझ्या झटक्यांना वैद्यकात नाव आहे, आणि मनावरचा ताण शरीराच्या वाटेनं बाहेर पडतो असं मानणारे डॉक्टर आहेत. एकदा मी बाईंना अक्काचं ते हात आणि जीव यांचं मत सांगितलं. त्या लिहिता लिहिता थांबल्या. "आधी भीती की आधी थरथर, यावर परदेशात मोठमोठे विद्वान भांडताहेत," त्या म्हणाल्या. "तुझी अक्का कुठं शिकली?" मी म्हटलं, "सूत गुंडाळायच्या खात्यात."

यानंतर पाच-सहा वर्षांनी वळसंगहून निरोप आला. अक्काची एकुलती एक मुलगी बाळंतपणात गेली होती, आणि अक्का दीड महिना भिंतीकडे तोंड करून पडून होती. घरच्यांशी बोलत नव्हती, जेवत नव्हती. मी रजा काढून गेले. ती इतकी वाळली होती की त्या रुंद तळव्यांवरूनच मी तिला ओळखलं.

मी माझं शिक्षण आणि तिचं शिक्षण दोन्ही पणाला लावलं. वातींचा कापूस तिच्यापुढे ठेवला. म्हटलं, "अक्का, हाताला काम लाव."

"त्ये भ्याचं औशद हाय, तंगी," ती भिंतीकडे बघतच म्हणाली. "ह्ये भ्या न्हाय. ह्ये येगळं हाय. ह्येला हात बी न्हाय आन् पाय बी न्हाय. भाकरी मातीवानी लागती. पोरीचं त्वांड आटवाया गेलं तर त्ये बी दिसंना."

 मी आणखी काही बोलणार तेवढ्यात ती म्हणाली, "मला बरी करू नगंस. बस नुसती."

मी तीन दिवस नुसती बसले. परिचारिका म्हणून इतकं अवघड काम मी पुढेही कधी केलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिचा दीर आत आला. माणूस वाईट नव्हता, घाबरलेला होता. त्यानं मंतरून आणलेलं लिंबू तिच्या उशाशी ठेवलं आणि मला हळूच म्हणाला, "वैनीला लागीर झालंय. उद्या देवाच्या ठिकानी न्हेऊन बांदून ठिवायचं ठरलंय. तितं बऱ्या हुत्यात."

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण मागून आवाज आला.

"कोन बांदतंय?"

अक्का कोपरावर उठली होती. दीड महिन्यात पहिल्यांदा तिनं भिंतीकडचं तोंड फिरवलं होतं. "माजी ल्येक मेलीया," ती दिराला म्हणाली. "माजं दुक माजं हाय. त्ये कुना भुताच्या नावावर मांडू नगा." मग तिनं उशाशी हात घातला, लिंबू उचललं, आणि मला म्हणाली, "इळी आन."

दीर हां हां करेपर्यंत मी विळी आणली. तिनं लिंबू चिरलं. हात चळाचळा कापत होता, तिनं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. शिळी भाकरी मागितली, मीठ मागितलं, आणि अर्धं लिंबू भाकरीवर पिळून एक घास तोंडात घातला. बराच वेळ चावत राहिली. मग तिचं सगळं तोंड वाकडं झालं आणि डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

"आंबट हाय," ती म्हणाली. "लई आंबट हाय की गं."