खिळ्यावरचा बिल्ला

ओझरच्या विमान कारखान्यात मी चौतीस वर्षं फिटर होतो. तिथली एक शिस्त हाडात मुरली ती कायमची. कपाटातून अवजार काढलं की त्याच्या खिळ्यावर आपल्या नंबरचा पितळी बिल्ला अडकवायचा. पाळी संपताना एखादा बिल्ला लटकलेला दिसला, तर ते अवजार सापडेपर्यंत कुणी घरी जायचं नाही. विमानात विसरलेला साधा पाना माणसं मारू शकतो, त्यामुळे यावर कुणी वाद घालत नसे.

निवृत्त झाल्यावर मी घरी जिन्याखाली तसाच फळा केला. प्रत्येक अवजारामागे रंगाने त्याचा आकार काढला आणि घरातल्या तिघांना बिल्ले दिले. "अहो, कारखाना सोडून आलात की उचलून आणलात?" असं बायकोने विचारलं. ती पक्कड नेते, बिल्ला लावायला विसरते आणि मग मी दिवसभर डोकं खातो. मुलगा मात्र कधी विसरला नाही. शाळेत असल्यापासून त्याला सवय, पुढे शिकाऊ म्हणून कारखान्यात एक वर्ष काढल्यावर ती आणखी पक्की झाली.

ते वर्ष संपलं आणि पुढे भरती निघाली नाही. सव्विसाव्या वर्षी पोरगा घरात बसून मोबाइल बघू लागला. मग एका व्यायामशाळेत कुणी 'दादा' भेटला आणि हळूहळू याच्या बोलण्यात 'ते लोक' आले. कांदे महागले तरी ते लोक, याला नोकरी नाही तरी ते लोक. जेवताना ऐकून ऐकून माझं डोकं फिरायचं. पण खरं सांगायचं तर मी त्याच्याशी धड भांडलोही नाही. कामाला लागला की आपोआप उतरेल, असं म्हणून सोडून दिलं. उलट नातेवाइकांच्या ग्रुपवर तसलेच मेसेज आले की न वाचता हात जोडल्याचं चित्र मीच टाकायचो. याची मला आज लाज वाटते.

नाशिकच्या द्वारका चौकाजवळ ट्रान्सपोर्टच्या गोदामांमागे एक लहानशी मशीद आहे. तिची देखभाल करणारे चाचा माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे. त्यांचे पंखे मी दुरुस्त करून देतो, ते मला चहा पाजतात आणि माझ्या कामात चुका काढतात. मुलगा लहानपणी माझ्याबरोबर तिथे यायचा. मे महिन्यात एका सकाळी त्याने सहज विचारलं, "पप्पा, दुपारी तिथे कुणी असतं का?" मी पेपर वाचत होतो. "भर उन्हात कोण असणार? गेटला साखळी असते," म्हणालो आणि पान उलटलं.

त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी जेवण झाल्यावर मी जिन्याखाली गेलो. बोल्ट कटर जागेवर नव्हता. त्याच्या खिळ्यावर मुलाचा बिल्ला होता.

साखळी तोडायला लागतो तो कटर. मी स्कूटरपाशी गेलो, तर तिच्याजवळचा पेट्रोलचा कॅनही नव्हता. कालचा प्रश्न आठवला, माझं उत्तर आठवलं, आणि मग आठवलं की ऊन वाढल्यापासून चाचा घरी जातच नाहीत. गेटला आतून साखळी लावून दुपारभर फरशीवर झोपतात. मी स्वतःच तर त्यांच्या डोक्यावरचा पंखा बसवला होता.

पोलिसांना फोन करताना बायको समोर उभी होती. मी मुलाचं नाव सांगितलं, तेव्हा तिने माझा हात धरला. "आधी त्याला फोन लावा ना," ती म्हणाली. लावला होता, बंद होता. मी हात सोडवून घेतला आणि निघालो.

द्वारकेला नेहमीसारखे ट्रक अडकले होते. त्या दिवशी मी आयुष्यात पहिल्यांदा फुटपाथवरून स्कूटर घातली. गेट हलवून हलवून चाचांना उठवलं. ते डोळे चोळत आले. "भाऊ, या टायमाला? पंखा तर बरोबर चालतोय."

"आधी बाहेर या, मग सांगतो," म्हणालो. त्यांना समोरच्या गोदामाच्या ओट्यावर बसवलं आणि मी गेटपुढे येऊन उभा राहिलो.

दोन मोटारसायकली आल्या. मला बघताच पुढची वळून पळाली, त्या दादाची. मागच्या गाडीवरून मुलगा उतरला होता. त्याच्या एका हातात कटर, दुसऱ्यात कॅन. त्याला घेऊन आलेला मित्रही गाडी तशीच टाकून पळाला.

"पप्पा, बाजूला व्हा. आत कुणी नाहीये."

मी ओट्याकडे बोट दाखवलं. "ते आत झोपले होते."

चाचा त्याच्याकडे बघत होते. त्याने कॅन खाली ठेवला, कटरही ठेवला आणि तिथेच रस्त्यावर बसला. पोलीस आले तेव्हा तो पळायचा प्रयत्न करत नव्हता. दादालाही दोन दिवसांनी पकडलं.

घरी आल्यावर बायको एवढंच म्हणाली, "स्वतःच्या पोराला धरून दिलंत." त्यानंतर ती ताट वाढायची, पण बोलायची नाही. चाचांनीही महिनाभर मला चहा विचारला नाही. मी तरी रोज जाऊन ओट्यावर बसायचो. एकदा ते शेजारी येऊन बसले. "भाऊ, आता झोप नाय लागत दुपारची," म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "पोराला भेटला का?"

पोरगा भेटायला तयार नव्हता. नाशिकरोडच्या तुरुंगात मी दर वेळी अर्ज करायचो आणि तसाच परत यायचो. पाचव्या महिन्यात तो जाळीपलीकडे आला. केस बारीक कापलेले, गाल बसलेले. वकिलांनी एक वाट काढली होती, ती मी त्याला सांगितली. आत माणूस दिसला असता तर मी मागे फिरलो असतो, एवढं त्याने कोर्टात म्हणायचं. शिक्षा बरीच कमी होण्याची शक्यता होती. मलाही ते पटलं होतं. बाप आहे मी.

त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "चाचा कसे आहेत?"

"झोप लागत नाही म्हणतात."

"पप्पा, मी आत बघितलंच नसतं." त्याने जाळी धरली. "साखळी तोडली असती, ओतलं असतं आणि पेटवलं असतं. दादा म्हणाला होता, आत कुणी असलं तरी ते लोकच असणार. आणि मी हसलो होतो. हे सगळं मी कोर्टात सांगणार आहे. वकिलांना सांगा, दुसरं काही बोलणार नाही."

मला इतकं रडू आलं की हवालदाराने येऊन विचारलं, पाणी हवं का. त्या दिवशी मला पोटच्या पोराचा जितका राग आला, तितका कधी आला नव्हता, आणि जितका अभिमान वाटला, तितकाही नाही.

घरी आलो तर बायको गवार मोडत बसली होती. मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो आणि त्याचा शब्द न् शब्द सांगितला. तिचे हात थांबले.

"म्हणजे शिक्षा वाढेल," ती म्हणाली. पाच महिन्यांत पहिल्यांदा माझ्याशी बोलली.

"वाढेल. पोरगा उशिरा येईल, पण येईल तो आपलाच येईल."

तिने डोळे पुसले आणि निम्मी गवार माझ्यापुढे सरकवली.