वाळला, असं आत्या म्हणाल्या नाहीत

निरोप आला तेव्हा मी साताऱ्याच्या एका मंगल कार्यालयात नवरीचा मेकअप करत होते. एक डोळा झाला होता, दुसरा व्हायचा होता. फोनवर आमचे हे एवढंच म्हणाले, "आई गेली गं..." मी दुसरा डोळा पुरा केला, गजरा माळला आणि सांगलीच्या एसटीत बसल्यावर रडले. लोकांना काय म्हणायचं ते म्हणू दे. अर्धी नवरी सोडून आले असते, तर सासूबाईंनीच मला दारात उभं केलं नसतं.

मी त्यांना आत्या म्हणायची. त्या आटपाडीकडच्या माळावरच्या. निम्मा जन्म मेंढरांमागं गेला. मी वाढले कुपवाडच्या कारखान्यांजवळ, मेंढरं लांबूनच पाहिलेली. सासरे गेल्यावर आत्या सांगलीला आमच्याकडे आल्या. माझं पार्लर घरातच, पुढच्या खोलीत. एका रविवारी मी मेकअपचे ब्रश धूत होते, तर त्यातला एक मोठा उचलून त्यांनी बोटांनी चाचपला. "आगं, ही तर शेरडाची लव हाय! आन् तू कढत पाण्यात बुचकळतीस व्हय?" खोक्यावर वाचलं, तर खरंच बकरीचे केस! त्या दिवसापासून ब्रश धुणं त्यांच्याकडे गेलं. रिठ्याचं कोमट पाणी, केसांचा शेंडा खाली, दांड्याच्या सांध्यात पाणी शिरू द्यायचं नाही, मग सावलीत फडक्यावर आडवे. माझ्या महागड्या शाम्पूला म्हणाल्या, "वास ग्वाड हाय, तुझ्या डोस्क्याला ठेव."

आणि मग ते खळीचं झालं. घोंगडीचं सूत ताठ राहावं म्हणून त्याला चिंचोक्याची खळ लावतात. माझ्या ब्रशांचे केस विस्कटतात, पोरीला त्रास होतो, असं आत्यांच्या मनानं घेतलं. एका लग्नाच्या सकाळी मी पेटी उघडली, तर सगळे ब्रश दातवणाच्या काडीसारखे ताठ! माझं डोकंच फिरलं. शेजारणीदेखत ओरडले, "हे काय घोंगडं हाय का? परत हात लावायचा न्हाई माझ्या सामानाला!" आत्या "बरं" म्हणाल्या आणि आत गेल्या. ते लग्न मी उसन्या ब्रशांवर काढलं. पुढं कितीतरी महिने मी ब्रश धुवायला घमेलं घेऊन बसले की त्या मुकाट उठून जायच्या. मला ते सलत होतं. मी फटकळ आहे, पण फटकळ माणसाला नेमकं 'माझं चुकलं' एवढंच बोलता येत नाही.

शेवटी लग्नसराईच्या तोंडावर मी घमेलंच त्यांच्यापुढं नेऊन ठेवलं. "मला न्हाई जमत, आत्या. तुमीच धुवा." त्यांनी एक ब्रश उचलून बोटांनी चाचपला. मग पदर खोचत म्हणाल्या, "खळ न्हाई लावायची न्हवं?" दोघी डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसलो. तरी 'चुकलं' हा शब्द माझ्या तोंडून निघाला नाही, आणि त्यांनीही कधी मागितला नाही.

यंदा उन्हाळ्यात त्यांनी अंथरूण धरलं. मग धुवायची मी आणि तपासायच्या त्या. केसांच्या मुळाशी राहिलेली ओल बोटाला कळत नाही, गालाला कळते, असं त्यांचं म्हणणं. मी ब्रश त्यांच्या गालावरून फिरवायची, त्या डोळे मिटून निकाल द्यायच्या; 'वाळला' म्हणाल्या की मगच तो पेटीत जायचा. साताऱ्याला निघाले त्या सकाळी त्यांना जरा बरं वाटत होतं. मी शेजारी बसले आणि कसंबसं तोंड उघडलं, "आत्या, तवा मी लय वंगाळ बोलले तुमाला..."

"आदी ह्यो बघू दे," त्यांनी मला तोडलं. मी ब्रश गालावरून फिरवला. "वला हाय अजून. सांजच्याला परत दाखव, तवा बोलू."

ब्रश दोन दिवसांपूर्वी धुतलेला होता. सांगलीच्या उन्हाळ्यात तो कुठला ओला राहतोय...

आत्यांना जाऊन पाच आठवडे झाले. तो ब्रश खडखडीत वाळलेला आहे, माझ्या गालालाही ते कळतं. पण आत्यांनी 'वाळला' म्हटलेलं नाही. मी तो अजून पेटीत ठेवलेला नाही.