एका अंगानं छाटलेला लिंब

मृगाच्या आधी दारच्या झाडाच्या फांद्या उतरवून घ्याव्यात, हे नांदेडला सगळ्यांना ठाऊक असतं. आमचा लिंब शेजारच्या सुतार चाचांच्या पत्र्याच्या शेडवर झुकलेला, आणि त्या शेडमध्ये त्यांनी लेकीच्या लग्नासाठी केलेला सागवानी पलंग. म्हणून यंदा मीच कोयता घेऊन गच्चीवर चढलो. निवृत्त मास्तराला सगळं येतं, असा माझा समज आहे.

गच्चीवरून हात पोचेल तेवढ्या फांद्या मी दोन तासांत साफ केल्या. चाचा खालून बघून राहिले होते.

“गुरुजी, आमच्या अंगाचं तसंच राहिलं की.”

“तिकडं हात न्हाई पोचत. पण झाड लई हलकं झालं बघा.”

“हाव. तुमच्या अंगानं झालं.”

संध्याकाळी चाचा आणि त्यांचे भाऊ तो पलंग उचलून आमच्या व्हरांड्यात घेऊन आले. “चार दिवस राहू द्या,” म्हणाले. शेजाऱ्याचा माझ्यावर केवढा भरवसा, हे मी बायकोला दोनदा ऐकवलं.

तिसऱ्या दिवशी वळवाचं वारं सुटलं आणि लिंबाची सगळ्यात जाड फांदी चाचांच्या रिकाम्या शेडवर जाऊन बसली. मी ओशाळून व्हरांड्यात उभा होतो. चाचा पलंगावरची धूळ पुसत म्हणाले, “तुम्ही छाटून राहिले होते, तवाच कळलं मला, कुठं पडणार ते.”

उरलेल्या फांद्या त्यांनीच उतरवल्या. मला खालून दोर धरायला दिला, पण आधी तो खांबाला पक्का बांधून.