तात्यांची टकटक

कारखानेवाल्यांनो, तुम्हाला माहीत होतं. जिथे दिवसभर लोखंड ठोकणारा हॅमर पडतो त्या शेडला खेटून तुम्ही चोवीस वर्षं माणसं बसवलीत आणि कानात घालायला कापसाचा बोळासुद्धा दिला नाहीत. वर निवृत्तीच्या मेडिकलमध्ये लिहिलंत, ऐकणं नॉर्मल.

असो. इंदिरानगरात तात्यांच्या रो-हाऊसच्या पार्किंगमध्ये आम्ही दोघं हाताने गिटार बनवतो. तात्या कारखान्यात लाकडी साचे करायचे. मी इंजिनिअरिंग करून नोकरीऐवजी त्यांच्याकडे शिकायला आले. इथले किस्से भुश्यासारखे साचतात. संध्याकाळी झाडून काढा, सकाळी पुन्हा तेवढेच.

*

गिटारची वरची फळी आतल्या पट्ट्या तासत तासत तयार होते. थोडं तासायचं, बोटाने टकटक करायचं, ऐकायचं. लाकूड बोलायला लागलं की थांबायचं. जास्त तासलं तर फळी गेली.

पहिल्याच आठवड्यात मी मोबाईलवर ॲप लावलं. तात्यांनी टकटक केली, मी रुबाबात आकडा सांगितला.

"छान. आता त्याला विचार, थांबायचं कधी."

मोबाईल खिशात गेला.

*

ही टकटक रोज दुपारी तीन ते पाच. भिंतीपलीकडच्या निकम काकूंची झोपायची वेळ नेमकी तीच! एकदा त्या कंपाउंडवरून म्हणाल्या, "तात्या, मी आज दोनदा उठून दार उघडलं. तिसऱ्यांदा कुरिअरवाला खराच आला होता, तर मी उठलेच नाही, तो परत गेला."

तात्यांनी त्यांना चहाला बोलावलं. टकटक चालूच राहिली, काकूंची तक्रारही. चार वर्षं.

*

परदेशी लाकूड वापरायचं नाही, हा हट्ट माझा. म्हणून पेठ तालुक्यातल्या हिरामणभाऊंनी त्यांच्या पाडलेल्या घराची शिवणीच्या लाकडाची तुळई जीपवर टाकून आणली. काठीने ठोकून तेच म्हणाले, "आत भेग हाय, तात्या. घिऊ नका."

तात्यांनी दोन्हीकडून ठोकून पाहिलं. "काही नाही. खणखणीत आहे."

कापली. या टोकापासून त्या टोकापर्यंत भेग! मी हसले. विकणारा नको म्हणतो आणि घेणारा ऐकत नाही, असं गिऱ्हाईक मी पाहिलं नव्हतं.

हिरामणभाऊ हसले नाहीत. फाटकापाशी मला हळूच म्हणाले, "मघा मागून तीनदा हाक मारली मी त्यांना."

मी तेही हसण्यावारी नेलं.

*

पुढची फळी तात्या तासत राहिले. टकटक, रंधा, टकटक, रंधा. मी दोनदा म्हटलं, बास ना. ते म्हणाले, अजून बोलत नाही. फळी पापडाएवढी पातळ झाली. तारा चढवल्या आणि आठवड्यात ती आत बसली. तीन महिन्यांचं काम.

मी भडकले. थांबायचं कधी हे तुम्हीच सांगता ना, असं नको तेवढ्या मोठ्याने ओरडले.

तात्यांनी मोडकी फळी उचलली, कड दातांत धरली आणि टकटक केली. मग म्हणाले, "दातांनी ऐकू येतं अजून थोडं."

*

कानाच्या डॉक्टरांनी आलेख दाखवला. मशीन लावलं तर बोलणं ऐकू येईल, म्हणाले. तात्यांनी विचारलं, आणि लाकूड? डॉक्टरांना प्रश्नच कळला नाही. मी समजावून सांगितलं, तेव्हा त्यांनी नकारार्थी मान हलवली. मी कारखान्याला तीन अर्ज केले. तिन्हींना एकच उत्तर आलं, त्या नॉर्मलच्या झेरॉक्ससह.

*

आता फळी माझ्याकडे आहे. शिवणीच्या लाकडातली शेवटची. तात्या म्हणाले, या वेळी तू ऐक, नाहीतर हे पार्किंग आपण गाडीला देऊन टाकू. त्यांच्याकडे गाडी नाही.

तीन दुपारी मी तासलं आणि ठोकलं. मला नुसतं टक ऐकू येत होतं. तात्या समोर स्टुलावर बसून माझ्या चेहऱ्याकडे बघत होते. तिसऱ्या दिवशी मला धीर धरवेना. झाली, असं मी त्यांना खुणेने सांगितलं आणि रंधा खाली ठेवला. त्यांनी ॲप्रन सोडला.

कंपाउंडवरून निकम काकूंचं डोकं वर आलं.

"अगं, थांबलीस का? अजून नाही झालं. तात्या थांबायचे तेव्हा टक झाल्यावर आवाज मागून लांबपर्यंत घुमत जायचा."