दसऱ्याच्या झेंडूपायी लांबवलेली बायपास

"तिन्ही मुख्य रक्तवाहिन्या अडल्यात. बायपास लागेल, आणि लवकर," डॉक्टर म्हणाले. माझ्या बायकोची, सुमनची, नुकतीच अँजिओग्राफी झाली होती. म्हणजे मांडीतून बारीक नळी घालून औषध सोडतात आणि हृदयाच्या रक्तवाहिन्या पडद्यावर बघतात.

बायपास म्हणजे हृदय बदलणे नव्हे. पायातली शीर काढून अडलेल्या जागेला वळसा देतात, रक्ताला नवी वाट मिळते. डॉक्टरांनी कागदावर काढून दाखवले. माझ्या डोक्यात शिरले एवढेच, की पायाची शीर जाणार. मग दसऱ्याला आमच्या शेतात झेंडू तोडायला सरीत उभे कोण राहणार?

"दसरा होऊ द्या," मी म्हणालो.

"धोका आहे," ते म्हणाले. सुमनला कोणी विचारले नाही. मीही नाही.

खंडेनवमीला ती फुलांच्या ओटीसकट सरीतच कोसळली. हार्ट अटॅक. मग घाईने बायपास झाली. "नवी वाट चांगली चालतेय, पण हृदयाचा काही स्नायू आधीच मेलाय," डॉक्टर म्हणाले. तेव्हापासून चार पायऱ्या चढली की तिला धाप लागते.

भाऊबंद म्हणू लागले, ऑपरेशनने बाई अधू केली. मला ते सोयीचे होते. मी गप्प राहिलो. त्या गप्प बसण्याचा आज मला संताप येतो.

काही वर्षांनी सातपूरला कंपनीत असलेल्या माझ्या पुतण्याला, रवीला, बायपास सांगितली. गंगापूर रोडच्या हॉस्पिटलात तो खाटेवर अडून बसला. "काका, मी नाय करणार. काकूचं काय झालं, बघितलं ना?"

त्याची आई म्हणाली, "छाती फाडून घ्यायची अन् जन्मभर घरी बसायचं?"

मी ओरडलोच. "वहिनी, ऑपरेशननं नाही, मी अधू केलं तिला! डॉक्टर लवकर म्हणाले, मी झेंडू तोडायला लावला!"

माझ्यामागे उभी असलेली सुमन म्हणाली, "एवढी वर्षं लागली होय तोंड उघडायला?" मग रवीकडे वळली. "माझ्याकडं बघून भिऊ नको. वेळेत झालं असतं ना, तर जिना धावत चढून तुझ्या थोबाडीत दिली असती."

तो हसला. ऑपरेशनला तयार झाला.

ऑपरेशन नीट झाले; आता टाके ताणू नयेत म्हणून तो छातीशी उशी धरून खोकतो, हॉस्पिटलच्या व्हरांड्यात फेऱ्या मारतो. तुमच्या घरी ही वेळ आली, तर पीक, लग्न, सण काही मध्ये आणू नका. आणि जिचे हृदय आहे तिला आधी विचारा.

रवीला भेटून घरी परतलो तेव्हा सुमन पायरीवर थांबली. मी हात पुढे केला. तिने तो घेतला नाही. कठडा धरून, थांबत थांबत, ती एकटीच वर गेली.