पुढच्या वर्षीची बॅटरी

शाळेत मी जन्मभर तमिळमधून रसायनशास्त्र शिकवलं आणि घरी मराठीत भांडलो. अलीकडची सगळी भांडणं इन्व्हर्टरच्या बॅटरीवरून. बायकोची फुप्फुसं थकलेली. तिला ऑक्सिजनचं मशीन दिवसभर लागतं, आणि वीज गेली की सगळी भिस्त त्या जुन्या शिशाच्या बॅटरीवर. दुकानदार म्हणाला, "सार, हिचा दम संपला. नवी घ्या."

"घेतो की! पण शिशाची नाही. सोडियमची येतेय, जरा थांबा."

मला कोण शिकवणार! पेपरात सारखा नवा चमत्कार: पाच मिनिटांत भरणारी, कधी न मरणारी, मिठापासून बनणारी. प्रयोगशाळेतून दुकानात यायला पिढी जाते, हे मुलांना मीच सांगायचो. तरी प्रत्येक बातमी कापून खळीनं वहीत चिकटवायचो. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! नवरात्रात आयुधपूजेला त्या म्हाताऱ्या बॅटरीला चंदन-कुंकू लावून म्हणायचो, हे तुझं शेवटचं वर्ष. तीन आयुधपूजा हेच म्हटलं.

"अय्यो, बातम्यांवर श्वास घेता येतो काय हो?" बायको विचारायची. मी हसायचो. त्या हसण्याची आता लाज वाटते.

एका सकाळी नऊला वीज गेली. बॅटरी दहा मिनिटं टिकली आणि पीं पीं करत मेली. बायकोचे ओठ निळे पडायला लागले. शेजारीण धावत जाऊन ऑटो घेऊन आली. मी नुसता "येईल, येईल" म्हणत उभा. काय येणार होतं? वीज की सोडियम?

इस्पितळात ती वाचली. बाहेर बाकावर शेजारीण म्हणाली, "कालच्या पेपरात होतं की, नऊ ते पाच वीज बंद. तुम्ही तर पेपर कोळून पिता!"

घरी येऊन कालचा पेपर उघडला. वीज बंदची सूचना छापतात त्या जागी चौकोनी भोक. वहीचं शेवटचं पान उजेडात धरलं. सोडियमच्या बातमीमागे, उलट्या अक्षरांत, राजवाड्याजवळच्या आमच्या गल्लीचं नाव दिसत होतं.

त्याच संध्याकाळी शिशाची बॅटरी आणली. आठवड्यानं बायको घरी आली, तिला सगळं सांगितलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं फक्त कात्री मागून घेतली.

काल पुन्हा एक बातमी आली. राहवलं नाही, स्वभावाला औषध नाही. पेपर तिच्यापुढे धरला.

तिनं आधी पान उलटून पाहिलं.